'स्वेंतु' : एका तारकांकित विशेषणाची वंशकथा

१. दस्तऐवज नसताना

ज्या भाषेत लिहिलेला एक चिटोराही जगातील कोणत्याच दप्तरात शिल्लक नाही, त्या भाषेत अमुक एक शब्द होता, त्याचा उच्चार असा होता आणि अर्थ तसा होता, हे भाषाशास्त्राचे पंडित इतक्या निःशंकपणे कशाच्या बळावर सांगतात, हा प्रश्न व्युत्पत्तीचे पुस्तक हाती घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येक वाचकाच्या मनात येतो. आणि तो यावा हेच योग्य आहे. या प्रकरणात त्याचे उत्तर एकाच शब्दाच्या आधाराने द्यावयाचे आहे. तो शब्द म्हणजे मूळ स्लाव भाषेतील 'स्वेंतु' हे विशेषण. रशियन, पोलिश, चेक, सर्बियन, बल्गेरियन आदी आजच्या स्लाव भाषांत त्याचे वंशज 'पवित्र' या अर्थाने नांदत आहेत. परंतु ते विशेषण प्रथम कोणाच्या तोंडी आले तेव्हा त्याचा अर्थ 'पवित्र' हाच होता काय, हा या विषयातील खरा जिज्ञासेचा भाग आहे.

आधी पद्धतीची ओळख करून घेऊ. एखाद्या घराण्याचे अस्सल वाटणीपत्र आगीत जळाले, परंतु तिघा भावांनी आपापल्या गावी त्याच्या नकला करून नेल्या होत्या, असे समजा. प्रत्येक नकलेत कारकुनाच्या हातून थोडाथोडा फरक पडलेला असतो. पण तिन्ही नकला शेजारी मांडून, कोणता कारकून कोणते अक्षर नेहमी कसे चुकवतो याची एकदा शहानिशा केली, की जळालेल्या पत्रातील मजकूर बराचसा बिनचूक लावता येतो. स्लाव भाषांचे असेच आहे. सहाव्या शतकात बायझंटाइन लेखकांना स्लाव टोळ्यांचा परिचय झाला, तेव्हा त्यांची बोली बव्हंशी एकच होती आणि ती कोणी लिहून ठेवीत नव्हते. पुढे ती फाकली, तिच्या लेकी निरनिराळ्या मुलुखांत गेल्या. त्यांच्या रूपांची तुलना करून जे मूळ रूप सिद्ध होते त्याच्या आधी भाषाशास्त्रज्ञ एक तारका छापतात. आउगुस्ट श्लायशर या जर्मन पंडिताने एकोणिसाव्या शतकात ही प्रथा रूढ केली. 'हे रूप कोठे लिहिलेले आढळलेले नाही, अनुमानाने काढलेले आहे' एवढेच ती तारका सांगते, आणि असे प्रांजळपणे सांगणारे शास्त्र विश्वासास पात्र ठरते असे मला वाटते.

२. नाकातला स्वर

आता नकला शेजारी मांडू. 'पवित्र' याला पोलिश भाषेत 'श्व्येंती', रशियनमध्ये 'स्व्यातोय', चेकमध्ये 'स्वाती' आणि सर्बियनमध्ये 'स्वेत' म्हणतात. आरंभीचे 'स्व' किंवा 'श्व' आणि शेवटचा 'त' यांविषयी वाद संभवत नाही. तंटा आहे तो मधल्या स्वराचा: पोलिशमध्ये तो अनुनासिक आहे, रशियनमध्ये 'या', सर्बियनमध्ये 'ए'. यांपैकी अस्सल कोणता?

निकाल एका शब्दावरून करणे धोक्याचे असते, म्हणून दुसरा दाखला घ्यावा. 'पाच' या संख्येला पोलिश लोक 'प्येंच' म्हणतात, रशियन 'प्यात', सर्बियन 'पेत'. पुन्हा तोच हिशेब: पोलिशमध्ये नाकातला 'एं', रशियनमध्ये 'या', सर्बियनमध्ये 'ए'. आणि या संख्येच्या बाबतीत मूळ काय असले पाहिजे हे आपल्याला घरबसल्या ठाऊक आहे, कारण संस्कृतात तिला 'पञ्च' म्हणतात, लिथुएनियनमध्ये 'पेन्की', आणि या दोन्ही ठिकाणी अनुनासिक ठसठशीत आहे. म्हणजे पोलिश कारकुनाने ते जपले, इतरांनी टाकून दिले. आपल्याकडेही संस्कृत 'पञ्च' आणि 'दन्त' यांचे हिंदीत 'पाँच' आणि 'दाँत' झाले, तर मराठी उच्चारात 'पाच' आणि 'दात' एवढेच उरले. तेव्हा ही वाट आपल्याला अपरिचित नाही. ज्या नियमाने 'पाच' या शब्दाचा मूळ स्वर 'एं' ठरतो त्याच नियमाने आपल्या विशेषणाचाही ठरतो, आणि शेवटी एक अतिऱ्हस्व 'उ' धरून *स्वेंतु हे रूप सिद्ध होते.

केवळ घरच्या साक्षीवर ज्याचे समाधान होत नाही त्याच्यासाठी त्रयस्थांची साक्षही हजर आहे, आणि मला या साऱ्या प्रकरणात तीच अधिक आवडते. हंगेरियन लोकांची भाषा स्लाव कुळातली नाही, आर्य कुळातलीही नाही; नवव्या शतकाच्या अखेरीस ते डॅन्यूबच्या खोऱ्यात उतरले आणि तेथील स्लाव शेजाऱ्यांकडून त्यांनी 'पवित्र' या अर्थाचा शब्द उसना घेतला, तो 'सेन्त'. रुमानियन लोकांनी उचलला तो 'स्फिंत'. उसनवारी करणाऱ्या दोघांनीही 'न' जपून ठेवला, याचा अर्थ देणाऱ्याच्या तोंडात तो त्या वेळी होताच. याहून सुंदर पुरावा कॉन्स्टंटिनोपलच्या राजवाड्यातला आहे. सम्राट सातवा कॉन्स्टंटाइन याने दहाव्या शतकाच्या मध्यास आपल्या मुलासाठी शेजारच्या राष्ट्रांची जी राजकीय कैफियत लिहून ठेवली तीत रुस देशाच्या एका राजपुत्राचे नाव त्याने ग्रीक लिपीत 'स्फेन्दोस्थ्लावोस' असे नोंदविले आहे. हा राजपुत्र म्हणजे कीव्हचा स्व्यातोस्लाव. आज ज्या नावात अनुनासिकाचा मागमूस नाही, त्यात तो तेव्हा निदान परदेशी कानाला ऐकू येत होता, किंवा तशा उच्चाराने ते नाव दरबारात पोहोचले होते. जिला आपण अनुमान म्हणत होतो ती गोष्ट अशी शाईने लिहिलेली सापडली, म्हणजे अभ्यासकाला होणारा आनंद शब्दांत सांगता येण्यासारखा नसतो.

३. 'श्वेत' नव्हे

मराठी वाचक येथे एक शंका हटकून काढतो. 'स्वेंतु', 'स्वेत' हे शब्द ऐकताच त्याला 'श्वेत' आठवतो, आणि शुभ्र ते पवित्र ही कल्पना आपल्या संस्कारांना इतकी मानवते की दोन्ही एकच असावेत असे त्याला वाटून जाते. 'श्वेत' या शब्दाचा स्लाव भाऊ आहे, यात संशय नाही. परंतु तो निराळा. मूळ स्लाव *स्वेतु, अनुनासिकाशिवाय, म्हणजे 'प्रकाश'. रशियनमध्ये आज 'स्व्येत' म्हणजे उजेड आणि जगही. बिंदूवाला *स्वेंतु आणि बिंदूविना *स्वेतु हे पोलिशमध्ये आणि रशियनमध्ये कधीच एकमेकांत मिसळले नाहीत. सर्बियनच्या एका प्रमुख बोलीत मात्र दोन्ही स्वर 'ए' झाल्यामुळे 'जग' आणि 'पवित्र' यांची अक्षरे एकच होऊन बसली आहेत. केवळ सर्बियन पाहून व्युत्पत्ती करणारा या ठिकाणी फसणार हे उघड आहे.

४. उत्तरेकडील आणि पूर्वेकडील आप्त

मूळ स्लाव हीही काही आदिमाता नव्हे. तीही एका मोठ्या कुळातली लेक. म्हणून आता तिच्या बहिणींच्या घरी चौकशी केली पाहिजे. बाल्टिक समुद्राकाठच्या लिथुएनियन भाषेत 'श्वेन्तास' म्हणजे पवित्र, 'श्वेन्ते' म्हणजे सण, आणि 'श्वेन्तोयी' म्हणजे पवित्र या नावाची नदी त्या देशात आजही वाहते. अठराव्या शतकात नामशेष झालेल्या प्राचीन प्रशियन भाषेतही हा शब्द होता.

परंतु सर्वांत मोलाची साक्ष इराणची. अवेस्तेच्या भाषेत जेथे संस्कृताचा 'श्व' येतो तेथे नियमाने 'स्प' आढळतो: आपला 'अश्व' तो तेथे 'अस्प', आपला 'श्वेत' तो 'स्पएत'. जामास्प, लोहरास्प ही पारशी नावे ज्याने ऐकली आहेत त्याला हा 'अस्प' नवा नाही. या नियमाने *स्वेंतु याचा अवेस्तेतील जोडीदार 'स्पेन्त' असावयास हवा, आणि तो तेथे नुसता आहेच असे नव्हे, तर जरथुष्ट्राच्या धर्माचा तो आधारस्तंभ आहे. अहुर मज्दाचा मंगल आत्मा तो 'स्पेन्त मइन्यु'. त्याच्याभोवतीच्या अमर शक्ती त्या 'अमेश स्पेन्त'. त्यांपैकी 'स्पेन्त आर्मइति' ही धरणीची अधिष्ठात्री; तिचे नाव झिजत झिजत 'अस्पंदार्मद' झाले आणि मुंबईच्या पारशी पंचांगात वर्षाचा बारावा महिना म्हणून ते आजही छापले जाते. इराणात त्याच महिन्याला 'इस्फंद' म्हणतात.

आता 'स्पेन्त' म्हणजे काय? जुन्या युरोपीय भाषांतरकारांनी सरळ 'पवित्र' असा अर्थ दिला. पण अवेस्तेचे पहलवी भाषेत जे भाषांतर खुद्द इराणी धर्मगुरूंनी केले, त्यात 'स्पेन्त' या शब्दासाठी 'अब्झोनीग' हा शब्द ठरून गेलेला आहे आणि त्याचा अर्थ होतो 'वाढविणारा, वृद्धी करणारा'. ज्यांच्या घरात तो शब्द पिढ्यान्‌पिढ्या उपासनेत होता त्यांनी केलेला हा अर्थ मी तरी सहज बाजूला सारणार नाही. फारसीत मेंढीला 'गोस्फंद' म्हणतात, त्यातही 'गो' आणि 'स्पेन्त' हीच दोन पदे लपलेली आहेत: मूळ अर्थ, बरकत देणारे जनावर. मेंढीला कोणी पावित्र्याची मूर्ती मानत नाही. तिच्यापासून लोकर, दूध आणि कोकरे मिळतात, घर भरते, एवढाच त्या नावाचा रोख.

५. वाढणे आणि बळावणे

या वाटेने पुष्कळ पंडित ज्या धातूपाशी पोचतात तो आपल्या पाणिनीय धातुपाठात बसलेला आहे: 'श्वि', अर्थ गती आणि वृद्धी. 'श्वयति' म्हणजे फुगते, वाढते; 'शून' म्हणजे सुजलेले; वैद्यकातला 'शोथ' याच घरचा, आणि मराठी 'सुजणे' हेही त्याच्या 'शूयते' या रूपाकडून आलेले मानतात. सूज म्हटली की आपल्याला दुखणे आठवते. परंतु त्याच मुळापासून 'शूर' हाही शब्द निघाला, म्हणजे आतल्या सामर्थ्याने भरून आलेला तो, आणि ग्रीकांचा 'क्युरिओस', म्हणजे स्वामी, हा त्याचा आप्त. *स्वेंतु मधला 'न' या धातूशी कसा जोडावा याविषयी एकवाक्यता नाही; म्हणून काही कोशकार त्याला स्वतंत्र मूळ देतात. तथापि इराणी अर्थपरंपरा लक्षात घेता, 'भरून येणे, वृद्धिंगत होणे' हाच या विशेषणाचा गाभा असावा, हे मत मला अधिक सयुक्तिक वाटते. रशियन पंडित व्लादिमिर तोपोरोव याने पावित्र्यावरच्या आपल्या विस्तृत ग्रंथात हीच बाजू मोठ्या आस्थेने मांडली आहे.

स्लावांच्या जुन्या नावांकडे पाहिले म्हणजे या मताला बळकटी येते. 'स्व्यातोस्लाव' यातील 'स्लाव' म्हणजे कीर्ती, आपल्या 'श्रवस्' या वैदिक शब्दाचा सखा. कीव्हचा हा राजा, जो ९७२ मध्ये मारला गेला, मूर्तिपूजकच राहिला. त्याची आई ओल्गा हिने बाप्तिस्मा घेतला होता आणि ती मुलाला विनवीत असे, परंतु आपले सरदार आपल्याला हसतील असे सांगून त्याने ते नाकारले, असे रुसच्या आद्य इतिवृत्तात नमूद आहे. त्याच्या नावात ख्रिस्ती पावित्र्य कोठून येणार? त्याचा अर्थ 'जिची वाढ होत आहे अशा कीर्तीचा' असाच लावणे प्राप्त आहे. मोराव्हियाचा राजा स्वातोप्लुक याच्या नावात 'प्लुक' म्हणजे फौज. बलवान फौजेचा तो. अशा जोडनावांच्या पहिल्या पदात सामान्यतः जोम, तेज, सूड, विजय यांचे वाचक शब्द येतात, आणि त्या पंक्तीत आपले विशेषण निःसंकोच बसलेले दिसते.

६. आर्कोनाचे देऊळ

या जुन्या अर्थाचे जिवंत दर्शन घ्यावयाचे तर बाल्टिक समुद्रातील र्‍यूगेन बेटाच्या उत्तर टोकाला, आर्कोनाच्या कड्यावर गेले पाहिजे. तेथे बाराव्या शतकापर्यंत रानी नावाचे स्लाव लोक 'स्वान्तोवित' या देवाची उपासना करीत. डॅनिश इतिहासकार साक्सो याने त्या देवळाचे जे वर्णन लॅटिनमध्ये लिहून ठेवले आहे त्यात देवाच्या नावाच्या आरंभी तोच आपला शब्द, अनुनासिकासह, स्पष्ट उभा आहे.

मूर्ती लाकडाची, माणसाहून पुष्कळ मोठी, चार मस्तकांची. उजव्या हातात धातूंनी मढविलेले एक शिंग. वर्षातून एकदा, पीक घरात आल्यानंतर, सगळ्या बेटावरचे लोक देवळासमोर जमत. आदल्या दिवशी पुजारी स्वतः झाडू घेऊन गाभारा झाडी, आणि आत असताना श्वास सोडीत नसे. माणसाच्या श्वासाने देवाचे सान्निध्य विटाळू नये म्हणून दर वेळी धावत दारापाशी येऊन तो श्वास घेई. दुसऱ्या दिवशी लोक बाहेर ताटकळत असताना तो मूर्तीच्या हातातले शिंग उतरवून, गेल्या वर्षी भरलेले पेय कितपत उरले आहे ते न्याहाळी. पातळी उतरली असेल तर येते वर्ष टंचाईचे. जशीच्या तशी असेल तर सुबत्तेचे. आणि त्या मानाने धान्य जपून वापरा किंवा हात सैल सोडा, असा हुकूम तो देई. मग जुने पेय मूर्तीच्या पायाशी ओतून, शिंग पुन्हा भरून, देशाला धनवृद्धी आणि विजय लाभो अशी प्रार्थना करीत तो ते एका दमात रिते करी, आणि पुन्हा काठोकाठ भरून देवाच्या हाती देई.

त्यानंतर मधाची एक गोल पोळी आणीत. ती जवळजवळ माणसाच्या उंचीची असे. पुजारी तिच्यामागे उभा राहून लोकांना विचारी, मी तुम्हाला दिसतो का? लोक म्हणत, दिसता. तेव्हा तो म्हणे, पुढच्या वर्षी मी दिसू नये. म्हणजे आपण मरावे असे नव्हे. पुढच्या वर्षी पीक इतके यावे की पोळीआड माणूस पार झाकून जावा. भरलेले शिंग, माणसाएवढी पोळी, धनवृद्धीची प्रार्थना: 'स्वेंतु' म्हणजे काय, हे एखाद्या कोशात इतके चोख सांगितलेले आढळणार नाही. ज्याच्यापाशी समृद्धी वाढते तो देव, आणि त्याच्यापुढे श्वासही रोखून धरावा लागतो. 'वृद्धी' आणि 'धाक' ही दोन्ही अंगे त्या एका दिवसात शेजारी शेजारी नांदतात.

११६८ मध्ये डेन्मार्कचा राजा पहिला वाल्देमार आणि बिशप अब्सालोन यांनी आर्कोना काबीज केले. मूर्ती पायाशी कुऱ्हाडीने तोडून पाडण्यात आली, दोर बांधून छावणीत ओढत नेण्यात आली आणि अखेर तिचे फाटे करून त्यावर सैन्याचा स्वयंपाक झाला.

७. जुने विशेषण, नवा धर्म

परंतु याच्या तीन शतके आधीच हे विशेषण दुसऱ्या दारातून चर्चमध्ये गेले होते. ८६३ मध्ये, मोराव्हियाचा राजा रास्तिस्लाव याच्या विनंतीवरून, बायझंटाइन सम्राटाने थेसालोनिकाचे दोघे भाऊ, कॉन्स्टंटाइन (जो पुढे सिरिल या नावाने ख्यात झाला) आणि मेथोडिअस, यांना तिकडे पाठविले. स्लाव भाषेसाठी लिपी तयार करून त्यांनी धर्मग्रंथांचे भाषांतर आरंभिले, आणि ग्रीक 'हागिओस' या शब्दासाठी त्या परंपरेत 'स्वेंतु' कायम झाला. 'हागिओस' हा आपल्या 'यज्' धातूचा आप्त. पूजनीय, भीतीयुक्त आदराचा विषय, असा त्याचा मूळ भाव. जर्मन लोकांनी त्याच कामासाठी 'हाइलिग' पत्करला, ज्याच्या मुळाशी 'अखंड, निरामय' ही कल्पना आहे. प्रत्येक जमातीला आपल्या जुन्या शब्दांतला एखादा निवडून त्यात परक्या धर्माचा आशय भरावा लागला, आणि स्लावांनी निवडला तो भरभराटीचा शब्द.

आशय किती पालटला हे पाहण्यासाठी १०१५ सालच्या एका घटनेकडे वळतो. स्व्यातोस्लावाचा पुत्र व्लादिमिर याने ९८८ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. तो वारल्यावर त्याच्या मुलांत गादीसाठी संघर्ष पेटला. इतिवृत्तात असे सांगितले आहे की बोरिस नावाच्या मुलाला त्याच्या माणसांनी कीव्हवर चालून जाण्याचा सल्ला दिला. परंतु वडील भावावर हात उगारणार नाही असे म्हणून तो स्वस्थ राहिला, तेव्हा फौज त्याला सोडून गेली आणि मारेकऱ्यांनी त्याला तंबूत गाठले. धाकटा ग्लेब हाही असाच, प्रतिकार न करता मारला गेला. रुस देशाने ज्यांना प्रथम 'स्व्यातोय' म्हणजे संत ठरविले ते हे दोघे भाऊ. आणि ज्याच्यावर इतिवृत्त या हत्यांचा ठपका ठेवते त्या वडील भावाचे नाव होते स्व्यातोपोल्क, म्हणजे बलवान फौजेचा. जुना अर्थ मारणाऱ्याच्या नावात राहिला आणि नवा अर्थ मेलेल्यांना जाऊन चिकटला.

१०७२ मध्ये या दोघा संतांचे अवशेष कीव्हजवळच्या विश्गोरोद येथे नव्या चर्चमध्ये हलविले, तेव्हा बोरिसची लाकडी पेटी खांद्यावर घेणाऱ्या तिघा राजबंधूंत आणखी एक स्व्यातोस्लाव होता, पहिल्या स्व्यातोस्लावाचा पणतू. तो ख्रिस्ती होता, त्याच्या नावात 'पवित्र' हे विशेषण उघड ऐकू येत होते, तरीही चर्चच्या नाममालेत त्या नावाला तेव्हा जागा नव्हती. म्हणून बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला निकोलाय हे वेगळे नाव द्यावे लागले होते.